सहदेव साळवेची साक्ष

भाऊराव राणेला मारलं तेव्हा सकाळचे सात वाजायला पाच मिनिटं कमी होती आणि कारखान्याच्या गेटवर निदान दोनशे माणसं होती. दोनशे! पण नंतर पोलिसांनी विचारलं तेव्हा त्यातला कुणी विडी पेटवत होता, कुणी चपलेचा अंगठा बसवत होता, कुणाच्या डोळ्यांत नेमका त्याच वेळी कचरा गेला होता. भांडुपच्या हवेत त्या दिवशी कचरा फारच झाला होता म्हणायचा.

सहदेव साळवे मात्र हातभर अंतरावर होता. पंपाच्या कारखान्यात फिटर, वय अडतीस, राहायला घाटकोपरच्या भटवाडीत, मूळ नगरकडचा, आजोबांच्या आधीपासून ख्रिस्ती घर. भाऊराव त्याच्याच बेंचवरचा, सावंतवाडीकडचा, बारा वर्षांचा दोस्त. बारा वर्षं दोघांनी एका डब्यात जेवण केलं होतं. चौऱ्याऐंशी सालचा फेब्रुवारी होता, कारखान्यात दोन युनियनची जुंपली होती, आणि भाऊराव नव्या युनियनचे फॉर्म भरून घेत होता. एवढाच त्याचा गुन्हा.

जुन्या युनियनचा पोसलेला गुंड कुंडलिक गर्दीतून सरळ चालत आला. त्याच्या हातात पेपरात गुंडाळलेलं काहीतरी होतं. पेपर गळून पडला आणि सहदेवला दिसली ती लोखंड घासायची कानस. बारा इंची, दात घासून गुळगुळीत केलेले, टोक पाजळलेलं. फिटरच्या डोळ्याला ते आधी कळलं. हे काम कुणीतरी ग्राइंडरवर निवांत बसून केलंय, पाणी मारून, घाई न करता, एवढं सगळं त्याच्या मनात येऊन गेलं आणि तोंडातून आवाज मात्र निघाला नाही.

पहिला घाव पोटात, दुसरा बरगडीखाली, तिसरा भाऊराव वाकला तेव्हा पाठीत. कानस बाहेर येताना ओल्या कापडाला फाडल्यासारखा आवाज झाला. भाऊरावने सहदेवचं मनगट पकडलं. पकड अशी की जणू व्हाइसच्या लोखंडी जबड्यात हात अडकला. दोघेही खाली बसले, एकाला उभं राहता येईना म्हणून आणि दुसऱ्याला हात सोडवता येईना म्हणून.

"सहदेव," भाऊराव म्हणाला. तोंडातून रक्ताचा फेस येत होता. "बघितलंस ना रे?"

कुंडलिकने ते ऐकलं. तो वाकला आणि ती कानस त्याने सहदेवच्या शर्टाच्या बाहीला पुसली, आधी एक बाजू, मग दुसरी. "काय रे," तो शांतपणे म्हणाला, "बघितलंस?"

सहदेवने डोळे मिटले. घट्ट मिटले आणि लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना पुटपुटायला लागला. शब्द पुढेमागे होत होते, अर्धे घशातच राहत होते. डोळे उघडले तेव्हा कुंडलिक गेला होता आणि भाऊरावही गेला होता. वॉचमनने येऊन मेलेल्या माणसाची बोटं एकेक करून सोडवली. सहदेवच्या मनगटावर पाच काळेनिळे वळ उठले होते.

चौकीत सब-इन्स्पेक्टरने विचारलं, "तू तर शेजारीच होतास. कोणी मारलं?"

"साहेब, मी डोळे मिटले होते. प्रार्थना करत होतो."

"मारायच्या आधीपासून?"

"हो साहेब."

सब-इन्स्पेक्टरने पेन खाली ठेवलं. कुंडलिकला संशयावरून तीन दिवस आत ठेवला होता, पण बघणारा एकही माणूस नाही म्हटल्यावर ठेवणार कशाच्या जोरावर? चौथ्या दिवशी तो सुटला आणि भाऊरावच्या चाळीसमोरच्या नळावर येऊन बसायला लागला. शांताबाई, म्हणजे भाऊरावची बायको, पाण्याला आली की हा हंडा भरून द्यायचा! सांगा आता, असल्या माणसाला काय म्हणायचं? शांताबाई हंडा तिथेच ओतून टाकायची आणि रिकाम्या हाताने घरी जायची.

सहदेवच्या घरी त्याच्या बायकोने, रत्नप्रभाने, तो शर्ट तीन वेळा धुतला. डाग गेले नाहीत. तिसऱ्या वेळी तिने तो पिळून दोरीवर टाकला आणि विचारलं, "खरंच डोळे मिटले होते तुम्ही?"

"मी सगळं देवावर सोपवलंय, रत्ना."

"सोपवलंय की ढकललंय?"

सहदेवला राग आला. रागावलेल्या माणसाचा आवाज चढतो तसा त्याचा चढला. "तुला विधवा व्हायचंय का? त्या शांताबाईसारखं बसायचंय का दारात? देव न्याय करील ना! मी कोण लागून गेलो?"  रत्नप्रभा रोज सकाळी चहाच्या आधी गुडघे टेकणारी बाई, पण त्या दिवसापासून नवऱ्याबरोबर तिने गुडघे टेकले नाहीत. ती मोरीत उभी राहून एकटीच प्रार्थना करायची. सहदेवला ते लागलं, फार लागलं, पण करणार काय? भीतीपुढे बायकोचा रुसवा किती पुरणार?

आणि इथेच तो घोळ झाला. पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या पाद्र्यांच्या, कानावर गेलं की सहदेव खुनाच्या जागी होता, त्याने प्रार्थना केली आणि त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. साधा माणूस तो, हरखला. म्हणाला, "बंधू सहदेव, रविवारी संध्याकाळच्या सभेत तुम्ही साक्ष द्या."

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायला हवं. ख्रिस्ती मंडळीत साक्ष म्हणजे कोर्टाची नव्हे. ज्याला देवाचा अनुभव आला त्याने उभं राहून चारचौघांत सांगायचं. कुणाचा ताप उतरला, कुणाची दारू सुटली, कुणाचं हरवलेलं पोर दादरला सापडलं. लोक ऐकतात, डोळे पुसतात, एक गीत म्हणतात आणि चहा पितात. सहदेवला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

भांडुपलाच असलेल्या सभेच्या हॉलबाहेर, रस्त्याला लागून, एक काळा फळा होता. त्यावर पाळकसाहेबांनी आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं: रविवार, सायं. ५. सहदेव साळवे यांची साक्ष. सर्वांनी यावे.

समोर धाकूची पानाची टपरी. टपरीवर कुंडलिकच्या टोळीतली पोरं दिवसभर पडीक.

शनिवारी साडेतीनला पहिली पाळी सुटली. सहदेव कारखान्यामागच्या नाल्याच्या वाटेने निघाला, कारण गेटवरून जायला त्याचे पाय अजून तयार होत नव्हते. पत्र्याच्या कुंपणाआडून चौघे निघाले. पहिला फटका सायकलच्या चेनचा, मानेवर. तो तोंडावर पडला. मग लाथा सुरू झाल्या, बरगड्यांत, कंबरेत, कानशिलावर. तोंडात माती आणि तुटलेला दात एकदम आले.

"साक्ष देतोस काय?" कुंडलिक त्याच्या पाठीवर बसत म्हणाला. "बोर्ड लावून? जाहीर? काय रे, तुला काय वाटलं, आम्हांला वाचता येत नाही?"

सहदेवला आधी कळेच ना. कसली साक्ष? मग डोक्यात प्रकाश पडला आणि त्या मारातही त्याला हसू फुटायचं बाकी राहिलं. "ती साक्ष नाही रे!" तो ओरडला. "कोर्टाची नाही! देवाची साक्ष! आमच्यात असते तशी!"

"देवाची काय नि कोर्टाची काय, साक्ष ती साक्ष. पाद्री लिहून घेणार, उद्या वकिलाला देणार. येडा समजतोस मला?" त्याने सहदेवचा उजवा हात ओढून दगडावर ठेवला. "ह्याच हाताने सही करणार ना?"

वीट पहिल्यांदा पडली तेव्हा दोन बोटं गेली. सहदेव किंचाळला. देवाचं नाव घेऊन किंचाळला. हा देवाचा माणूस, रोज सकाळ-संध्याकाळ ज्याचं नाव घेतलं त्याला तो हाक मारत होता आणि नाल्यावर एक कावळासुद्धा हलला नाही. वीट दुसऱ्यांदा पडली. पंजाचं हाड मोडल्याचं त्याला ऐकू आलं. तेव्हा त्याने देवाला सोडलं आणि कुंडलिकचे पाय धरले.

"मी काही नाही बोलणार. शपथ. आईची शपथ. मी काही बघितलंच नाही."

कुंडलिकला ते बरं वाटलं असावं. त्याने हातातली वीट नाल्यात टाकली. "झकास. उद्या येतो मी ऐकायला. मागच्या बाकावर बसेन. तुझ्या देवाची साक्ष मलाही ऐकू दे."

नाल्याजवळून भटवाडीपर्यंत सहदेव कसा आला ते त्याचं त्यालाच ठाऊक. एका टेम्पोवाल्याने अर्ध्या रस्त्यापर्यंत आणून सोडलं. रत्नप्रभाने दार उघडलं आणि तिच्या हातातली परात पडली. डॉक्टरकडे नेलं, कोपरापर्यंत प्लास्टर घातलं, ओठाला तीन टाके पडले. घरी आल्यावर ती त्याच्या पायाशी बसून रडली. मोठ्याने रडली, चाळभर ऐकू जाईल असं.

"मीच बोलले तुम्हांला," ती म्हणाली. "नका जाऊ उद्या. नगरला जाऊ. आत्याकडे जाऊ. मी परत कधी काही विचारणार नाही."

मोठी गंमत बघा. आठ दिवस जे शब्द ऐकायला सहदेव तडफडत होता ते आता मिळाले आणि त्याला ते नकोसे झाले. मोडलेल्या हाताच्या मनगटावर अजून वळ होते, प्लास्टरच्या आत गेले होते एवढंच. न दिलेल्या साक्षीसाठी त्याने मार खाल्ला होता! गप्प बसलो तर वाचेन, हा त्याचा सगळा हिशेब होता. देवावर सोपवलंय असं म्हणत त्याने भरवसा ठेवला होता तो आपल्या गप्प बसण्यावर. आणि ते गप्प बसणं त्या नाल्यावर विटेच्या दोन घावांपुरतंही कामी आलं नाही.

बाहेर अजून उजेड होता. पोरं गल्लीत लगोऱ्या खेळत होती. सहदेवने खुर्चीला धरून गुडघे टेकले. पाठ असलेल्या प्रार्थनेचा पहिला शब्द त्याच्या तोंडात आला आणि त्याने तो गिळला.

"प्रभू," तो म्हणाला, "मला भ्या वाटतंय. मी खोटं बोललो. मला वाचव असं आता म्हणत नाही, कारण त्यातच माझी वाट लागली. उद्या माझ्याबरोबर उभा राहा. बस."

डोळे मिटायचं तो विसरला होता. रत्नप्रभा उठली, पदराने तोंड पुसलं आणि आठ दिवसांनी त्याच्या शेजारी तिने गुडघे टेकले.

रविवारी पाच वाजता हॉल भरला. पुरुष डावीकडे, बाया उजवीकडे, मधे वाट. पाळकसाहेबांनी सहदेवचं सुजलेलं तोंड बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "बंधू, आज राहू दे," ते कुजबुजले. सहदेवने मान हलवली. पेटीवर गीत झालं. गीत चालू असतानाच कुंडलिक आला आणि मागच्या बाकावर, दाराजवळ बसला. पायावर पाय टाकून बसला हरामखोर, लग्नाला आल्यासारखा.

आणि गीत संपताना आणखी एक बाई आली. कपाळ मोकळं, पायात चपला नाहीत, कारण त्या तिने देवळात काढाव्या तशा दाराशी काढल्या होत्या. शांताबाई. तिनेही तो फळा वाचला होता. तिलाही वाटलं होतं की साक्ष म्हणजे साक्ष. ती बायांच्या बाकावर अगदी कडेला, हात जोडून बसली.

सहदेव उभा राहिला. रात्रभर जमवलेली सुरुवात त्याच्या तोंडून निघाली. "त्या दिवशी गेटवर... देवाने मला राखलं..."

शांताबाईकडे त्याची नजर गेली आणि वाक्य तिथेच मोडलं. मला राखलं, तर मग हिच्या नवऱ्याला का नाही राखलं? त्याच गेटवर, हातभर अंतरावर? कुठल्या तोंडाने सांगायचं हिला?   मंडळीत साक्षीच्या मधे बोलायची रीत नाही, पण शांताबाईला ती रीत कुठून ठाऊक असणार? ती उठून उभी राहिली.

"भावजी," ती म्हणाली, "हे शेवटाक काय बोलले?"

मागच्या बाकावर पायावरचा पाय खाली आला.

 सहदेवला नाल्यावरच्यापेक्षा जास्त भीती वाटत होती, खोटं कशाला सांगा. प्रभू, उभा आहेस ना, असं मनात म्हणून त्याने तोंड उघडलं.

"भाऊराव मला म्हणाला, बघितलंस ना रे. मी डोळे मिटले, वहिनी. पण नंतर मिटले. आधी सगळं बघितलं. तीन घाव. पोटात, बरगडीखाली, पाठीत. घासलेल्या बारा इंची कानसीने. पोलिसांना मी खोटं सांगितलं आणि प्रार्थनेच्या आड लपलो. मारणारा तो मागे बसलाय. कुंडलिक."

कुंडलिक मधल्या वाटेने धावत आला. शर्टाखालून तीच कानस निघाली होती. बाया किंचाळल्या, बाकं पडली. पाळकसाहेब दोन्ही हात पसरून आडवे झाले तर त्याने त्यांना कोपराने छातीत मारून पेटीवर फेकलं. पेटी भयाण सुरात ओरडली. सहदेव पळाला नाही. पाय थिजले म्हणून की प्रभू उभा होता म्हणून, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत. कानस येताना त्याने बघितली, गळ्याच्या रोखाने, आणि प्लास्टरचा हात वर केला.

टोक प्लास्टरमध्ये घुसलं, मोडक्या हातात घुसलं आणि अडकलं. सहदेवच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. कुंडलिक कानस ओढायला लागला, पण ती निघेना. ज्या हाताची त्याने वीट घालून चटणी केली होती त्याच हाताने त्याचं हत्यार धरून ठेवलं होतं! रत्नप्रभाने बाजूचं लोखंडी स्टूल उचललं आणि त्याच्या गुडघ्याच्या मागे हाणलं. तो पडला. मग काय विचारता? कालपर्यंत एकमेकांना सलाम करणारी ती सभ्य मंडळी त्याच्यावर तुटून पडली. लाथा, बुक्के, चपला. मंडळीतल्या एका म्हाताऱ्या पंचाने बाकाची फळी उपटली. कुंडलिकचं नाक फुटलं, दात फरशीवर सांडले, तो आईच्या नावाने ओरडायला लागला. काल सहदेव ओरडला होता तसाच. आणि ओरडणं ऐकून सहदेव भानावर आला.

"सोडा त्याला!" तो त्या ढिगात घुसला. रक्ताळलेला हात, त्यात रुतलेली कानस, तसाच घुसला आणि कुंडलिकच्या अंगावर आडवा पडला. दोन लाथा त्यालाच बसल्या. "सोडा म्हणतो ना! मेला तर मी साक्ष कोणाविरुद्ध देऊ? जिवंत पाहिजे तो मला!"

फळी उगारलेला पंच थांबला. हळूहळू सगळे थांबले आणि आपापल्या हातांकडे बघायला लागले.

चौकी दहा मिनिटांवर होती. कुंडलिकला चौघांनी धरून नेला, मागे सहदेव, त्याच्या एका बाजूला रत्नप्रभा, दुसऱ्या बाजूला शांताबाई अनवाणी, कारण चपला हॉलच्या दाराशीच राहिल्या होत्या. धाकूच्या टपरीवरच्या पोरांनी हे बघितलं आणि ती भराभर पांगली. डॉक्टर येईपर्यंत थांब, असं सब-इन्स्पेक्टर म्हणाला, पण सहदेव बसला नाही.

"आधी लिहा," तो म्हणाला.

"तुझे तर डोळे मिटलेले होते ना रे?"

"खोटं बोललो होतो साहेब. त्याची जी शिक्षा असेल ती द्या. आता लिहा. मी बघितलं."

लिहून झालं. वाचून दाखवलं. सही करायची तर उजवा हात तसला, म्हणून हवालदाराने शाईचं पॅड पुढे सरकवलं, डावा अंगठा लाव म्हणाला. सहदेवने अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर नेला, पण हात लटलट कापत होता, अंगठा जागेवर टेकेना. भीती गेली नव्हती. कुंडलिकचे भाऊबंद बाहेर होतेच, खटला वर्षानुवर्षं चालणार होता, हे त्याला माहीत होतं.

शांताबाई पुढे झाली. तिने त्याचं मनगट पकडलं, घट्ट, तिच्या नवऱ्याने पकडलं होतं तसंच, आणि त्याचा अंगठा कागदावर टेकवला.